कॅन्सरचं प्रथिन मोडीत काढणारी औषधं. एका बदनाम गोळीने दाखवली वाट

लेनालिडोमाइड. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरची ही कॅप्सूल आता तालुक्याच्या गावांतही काही घरांत रोज घेतली जाते. मुंबई, पुणे किंवा नागपूरहून उपचार सुरू करून रुग्ण घरी परततो, तेव्हा पिशवीत औषधासोबत सूचनांचा कागदही असतो. त्यातली एक सूचना घरच्यांना हमखास कोड्यात टाकते. घरात कुणी गरोदर असेल, तर तिने या कॅप्सूलला हात लावायचा नाही. सासऱ्यांचं औषध पट्टीतून काढून सुनेने द्यायचं नाही, असं का? गोळी तर ती खाणार नाहीच आहे.

ही सूचना उगीच भीती घालण्यासाठी नाही. तिच्यामागे दहा हजारांहून अधिक बाळांचा इतिहास आहे. आणि गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, त्याच इतिहासातून कॅन्सरच्या औषधांची एक नवी पद्धत जन्माला आली. या पद्धतीत औषध कॅन्सरच्या प्रथिनाला नुसतं अडवत नाही, पेशीच्याच यंत्रणेकडून ते मोडून टाकतं. अशा औषधांच्या चाचण्या सध्या जगभर सुरू आहेत. हे नेमकं कसं चालतं आणि आपल्या रुग्णांसाठी त्याचा अर्थ काय, ते साध्या भाषेत समजून घेऊ.

पेशीतली कडबाकुट्टी

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण इथे प्रथिन म्हणजे पेशीतला कामगार. एखादं प्रथिन साखर जाळतं, एखादं निरोप पोचवतं, एखादं जनुकाचं बटण चालू-बंद करतं. काम झालं किंवा प्रथिन बिघडलं की त्याला हटवावं लागतं. काही प्रथिनं तर तयार झाल्यावर काही मिनिटांतच मोडली जातात. पेशीत ही मोडतोड रात्रंदिवस सुरू असते, आणि ती अंदाधुंद नसते.

रस्ता रुंदीकरणाचं काम निघालं की आधी माणसं येऊन झाडांवर रंगाने नंबर टाकून जातात. नंबर पडला की ते झाड जाणार, हे अख्ख्या गावाला कळतं. पेशीतही तसंच चालतं. जे प्रथिन मोडायचं, त्यावर आधी खूण लावली जाते. ही खूण म्हणजे युबिक्विटिन नावाचं, अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन. अशा खुणांची साखळी एखाद्या प्रथिनाला चिकटली की त्याचा निकाल लागला. मग ते प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात ओढलं जातं. कडबाकुट्टीत पेंढी सरकवावी आणि दुसरीकडून बारीक तुकडे पडावेत, तसे त्या प्रथिनाचे तुकडे बाहेर येतात. पेशी ते वाया घालवत नाही, त्यातूनच नवी प्रथिनं बनवते.

या शोधासाठी इस्रायलचे आरोन सिकॅनोव्हर व अव्राम हर्श्को आणि अमेरिकेचे आयर्विन रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता खरा मुद्दा. कडबाकुट्टी काही निवड करत नाही, जे आत येईल ते ती कापते. कुणाला कापायचं हे खूण लावणाऱ्याच्या हातात असतं. माणसाच्या पेशीत खूण लावण्याच्या कामात असलेली अशी सहाशेहून अधिक प्रथिनं आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ई-थ्री लायगेझ म्हणतात. प्रत्येकाची स्वतःची ठरलेली गिऱ्हाइकं असतात. यातली दोन नावं या लेखात पुन्हा येतील : सेरेब्लॉन आणि व्हीएचएल.

नुसतं अडवून का भागत नाही?

कॅन्सरवरच्या बऱ्याच लक्ष्यवेधी गोळ्यांचं काम अडवण्याचं असतं. प्रथिनात एक खोबण असते, तिथून ते आपलं काम करतं. औषधाचा रेणू त्या खोबणीत जाऊन बसतो. कुलपात भलतीच किल्ली अडकवून ठेवली की कुलूप चालत नाही, तसं.

यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे औषध तिथे सतत बसून राहिलं पाहिजे. ते उठलं की प्रथिन पुन्हा कामाला लागतं. काही वेळा कॅन्सरची पेशी त्या खोबणीचा आकारच बदलून टाकते, मग गोळी चालेनाशी होते. पहिल्या वर्षी उत्तम लागू पडलेलं औषध नंतर का चालत नाही, याचं हे एक कारण.

दुसरी अडचण त्याहून मोठी. कॅन्सर वाढवणाऱ्या कित्येक प्रथिनांना अशी खोबणच नसते. जनुकांची बटणं दाबणारी प्रथिनं बहुतेक याच जातीची. पकडायला जागाच नाही, तर गोळी बसणार कुठे? या प्रथिनांवर औषध बनूच शकत नाही, असं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं म्हणत आले.

आता समजा, अशा प्रथिनावर खूण लावून घेता आली तर? मग औषधाने त्याचं काम थांबवायची गरजच उरत नाही. औषधाने त्याला कुठेही, कसंही धरून फक्त खूण लावणाऱ्याच्या समोर उभं करायचं. पुढचं काम पेशीची कडबाकुट्टी करते. हे घडू शकतं, याचा माणसातला सर्वांत मोठा पुरावा एका जुन्या गोळीत दडलेला होता. मात्र ती गोळी नेमकं हेच करते, हे कळायला पन्नासहून अधिक वर्षं गेली.

थॅलिडोमाइडची काळी गोष्ट

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या ग्रुनेन्थाल कंपनीने थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आणलं. अत्यंत सुरक्षित म्हणून त्याची जाहिरात झाली. जर्मनीत ते चिठ्ठीशिवाय मिळायचं. गरोदरपणातल्या मळमळीवर गुण येतो म्हणून बायकांना ते सर्रास दिलं गेलं. चाळीसहून अधिक देशांत ते पोचलं.

मग दवाखान्यांत हात-पाय न वाढलेली बाळं जन्माला येऊ लागली. काहींचे पंजे थेट खांद्याला जोडलेले, काहींना कान नाहीत, काहींच्या हृदयात दोष. जर्मनीतले डॉक्टर विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातले डॉक्टर विल्यम मॅकब्राइड यांनी या औषधाकडे बोट दाखवलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत ते मागे घेण्यात आलं. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं बाधित झाली होती, आणि त्यातली कितीतरी जगली नाहीत. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या नाजूक आठवड्यांत एक गोळीसुद्धा पुरेशी ठरायची. बऱ्याच बायकांना त्या वेळी आपण गरोदर आहोत हेही धड माहीत नसायचं.

अमेरिकेत मात्र हे औषध विक्रीला आलं नाही. तिथल्या औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी कंपनीचा तगादा असूनही पुराव्यांवर समाधान झालं नाही म्हणून परवानगी अडवून धरली. एका अधिकाऱ्याने फाइलवर सही न केल्यामुळे तिथली कितीतरी बाळं वाचली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, पण तसं झालं नाही. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉक्टर याकोब शेस्किन यांच्याकडे कुष्ठरोगाचे रुग्ण होते. कुष्ठरोगात काही वेळा अंगभर दुखऱ्या गाठी येतात, ताप येतो, वेदनेने झोप लागत नाही. झोप लागावी म्हणून त्यांनी जुन्या साठ्यातलं थॅलिडोमाइड दिलं. झोप लागलीच, पण गाठीही झपाट्याने ओसरल्या. पुढे कुष्ठरोगाच्या या प्रतिक्रियेवर ते औषध वापरलं जाऊ लागलं. कुष्ठरोग विदर्भाला आणि एकूणच महाराष्ट्राला नवा नाही, त्यामुळे त्या गाठींचा त्रास काय असतो हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण ब्राझीलमध्ये याच वापरामुळे नंतरही थॅलिडोमाइडबाधित बाळं जन्मली, हेही तितकंच खरं.

१९९० च्या दशकात बोस्टनमध्ये ज्युडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेतून समोर आलं, की थॅलिडोमाइड नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही. गाठीला रक्त मिळालं नाही तर ती सुकेल, असा विचार पुढे आला. मल्टिपल मायलोमा झालेल्या एका तरुण डॉक्टरच्या बायकोने हे ऐकून फोकमन यांना गाठलं आणि नवऱ्यावर उपचार करणाऱ्या अमेरिकेतल्या आर्कान्सा इथल्या डॉक्टरांच्या मागे लागली. तिच्या नवऱ्याला गुण आला नाही. पण त्याच्यानंतर ज्यांना ते दिलं गेलं, त्यांच्यात फरक दिसला. १९९९ मध्ये सीमा सिंघल, बार्ट बार्लोगी आणि सहकाऱ्यांनी ८४ रुग्णांचे निष्कर्ष छापले. इतर उपचार हरलेल्या या रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश रुग्णांमध्ये आजार मागे हटला होता. मायलोमावर अनेक वर्षांनी काहीतरी नवं मिळालं होतं.

पुढे थॅलिडोमाइडच्या रेणूत थोडा फेरफार करून लेनालिडोमाइड आणि पोमालिडोमाइड बनवली गेली. लाखो रुग्णांनी ती घेतली. पण ती चालतात कशी, हे डॉक्टरांना आणि कंपन्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

कोडं सुटलं

२०१० मध्ये टोकियोच्या हिरोशी हांडा आणि ताकुमी इतो यांच्या गटाने एक युक्ती केली. त्यांनी थॅलिडोमाइडचे रेणू अतिसूक्ष्म चुंबकी मण्यांवर चिकटवले आणि ते मणी पेशींच्या अर्कात सोडले. गळाला मासा लागावा तसं एक प्रथिन त्या मण्यांना लागून वर आलं. ते होतं सेरेब्लॉन, म्हणजे खूण लावणाऱ्यांपैकीच एक.

२०१४ च्या सुरुवातीला बोस्टनच्या दोन गटांनी उरलेला धागा जोडला. एक गट बेंजामिन एबर्ट यांचा, दुसरा विल्यम केलिन यांचा. लेनालिडोमाइड सेरेब्लॉनच्या खोबणीत बसतं आणि त्याचा पृष्ठभाग किंचित बदलतो. त्या बदललेल्या पृष्ठभागावर, एरवी कधीच न येणारी दोन प्रथिनं येऊन चिकटतात : इकारॉस आणि आयोलॉस. सेरेब्लॉन त्यांच्यावर खूण लावतं आणि ती कडबाकुट्टीत जातात. मायलोमाची पेशी या दोघांच्या जिवावर जगते. ती गेली की पेशीही जाते. ही दोन्ही प्रथिनं जनुकांची बटणं दाबणारी आहेत. म्हणजे ज्यांच्यावर औषध अशक्य म्हटलं जात होतं, त्यांच्यावर औषध केव्हाच बाजारात होतं!

आणि बाळांचं काय? ते उत्तर २०१८ मध्ये आलं. त्याच औषधाच्या प्रभावाखाली सेरेब्लॉन आणखी एका प्रथिनावर खूण लावतं. त्याचं नाव सॅल-फोर. गर्भात हात-पाय घडवण्यासाठी हे प्रथिन अत्यावश्यक असतं. ज्यांच्या सॅल-फोरच्या जनुकातच जन्मतः दोष असतो, त्यांच्या हातांतही थॅलिडोमाइडच्या बाळांसारखं व्यंग आढळतं. उंदरांच्या पिल्लांना मात्र थॅलिडोमाइडने असं होत नाही. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये एका मोक्याच्या जागी वेगळं अमिनो आम्ल असतं, आणि औषधाचा हा परिणाम तिथे न दिसण्यामागचं ते एक कारण आहे. उंदरावर सुरक्षित म्हणजे माणसावर सुरक्षित, हे गृहीत धरता येत नाही, ते असं.

सुनेने कॅप्सूलला हात का लावायचा नाही, त्याचं उत्तर इथे आहे. औषध तेच, खूण लावणारा तोच. सासऱ्यांच्या हाडाच्या मगजात खूण कॅन्सरला जगवणाऱ्या प्रथिनावर पडते. गर्भात ती बाळाचे हात घडवणाऱ्या प्रथिनावर पडू शकते. उपचार की अनर्थ, हे खूण कुणावर पडली यावरच ठरतं.

योगायोग नको, ठरवून करू

थॅलिडोमाइडचा गुण योगायोगाने सापडला. पण त्याचं गुपित उलगडण्याच्या बरंच आधी काही शास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने याच जागी पोचायच्या प्रयत्नात होते. २००१ मध्ये अमेरिकेत कॅथलीन साकामोटो, रेमंड डेशे आणि येल विद्यापीठाचे क्रेग क्रूज यांनी एक लांबोडका रेणू बनवला. त्याच्या एका टोकाला मोडायचं प्रथिन धरणारा भाग, दुसऱ्या टोकाला खूण लावणाऱ्याला धरणारा भाग आणि मध्ये जोडदोरी. या जातीच्या रेणूंना प्रोटॅक म्हणतात.

हा रेणू काम कसं करतो, ते बैलबाजारातल्या दलालावरून पटकन कळेल. दलाल स्वतः बैल विकत नाही की घेत नाही. विकणाऱ्याचा एक हात धरायचा, घेणाऱ्याचा दुसरा, दोघांना समोरासमोर आणायचं. व्यवहार झाला की दलाल मोकळा, पुढचं गिऱ्हाईक बघायला. प्रोटॅकही तसाच. कॅन्सरचं प्रथिन आणि खूण लावणारं प्रथिन यांची गाठ घालून देतो. खूण पडली, प्रथिन कुट्टीत गेलं की हा रेणू सुटून पुढच्या प्रथिनाकडे वळतो. जुन्या पद्धतीत एका प्रथिनाला अडवायला एक रेणू अडकून पडायचा. इथे एकच रेणू एकामागून एक कित्येक प्रथिनं संपवू शकतो. म्हणून कमी मात्रेतही काम भागेल, अशी आशा.

दलालाच्या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट समजते. बाजारात दलालच भरमसाट झाले तर काय होईल? प्रत्येक विकणाऱ्याला एक दलाल चिकटेल, प्रत्येक घेणाऱ्याला दुसरा, आणि दोघांची गाठ पडणारच नाही. प्रोटॅकचंही असंच होतं. मात्रा फार वाढवली की परिणाम वाढायच्या ऐवजी घटतो. जास्त गोळ्या म्हणजे जास्त गुण, हा आपल्याकडचा समज इथे साफ खोटा ठरतो.

पहिला प्रोटॅक प्रयोगशाळेतच राहिला. तो आकाराने मोठा होता आणि पेशीत धड शिरत नव्हता. गाडी पुढे सरकायला जवळपास पंधरा वर्षं लागली. २०१५ मध्ये जेम्स ब्रॅडनर यांच्या गटाने टोकाला थॅलिडोमाइडचाच भाग लावून, म्हणजे सेरेब्लॉनला धरून, नवा रेणू बनवला. त्याच सुमारास क्रूज यांच्या आणि इतर गटांनी व्हीएचएल धरणारे रेणू पुढे आणले. २०१७ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या अलेसिओ चुली यांच्या गटाने, मोडायचं प्रथिन, प्रोटॅक आणि व्हीएचएल हे तिघं एकमेकांना कसे बिलगतात याचं क्ष-किरणांनी चित्र मिळवलं. दोन प्रथिनांची नुसती गाठ पडून भागत नाही, ती एकमेकांना नीट जुळावीही लागतात, हे त्यातून स्पष्ट झालं. जोडदोरी थोडी लांब किंवा थोडी आखूड झाली की खूण लागत नाही.

म्हणून या रेणूची आखणी करताना शास्त्रज्ञ अशी पायरी-पायरीने जातात. आधी कोणतं प्रथिन गेल्यावर कॅन्सरची पेशी मरेल आणि निरोगी पेशी तगेल, ते ठरवायचं. मग त्याला धरणारा तुकडा शोधायचा. मग खूण लावणारा निवडायचा. मग वेगवेगळ्या लांबीच्या जोडदोऱ्या लावून शेकडो रेणू तपासायचे. शेवटी पेशीतल्या हजारो प्रथिनांची मोजदाद करायची. हवं ते प्रथिन गेलं का, आणि त्याच्यासोबत दुसरं कोण गेलं? सॅल-फोरचा धडा मिळाल्यापासून हा शेवटचा प्रश्न कुणी सोडून देत नाही.

स्तनाच्या कॅन्सरवर पहिली मोठी परीक्षा

२०१९ मध्ये माणसांना पहिल्यांदा प्रोटॅक दिले गेले. क्रूज यांनी स्थापन केलेल्या अर्विनास कंपनीचे हे दोन रेणू होते. एक प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी, दुसरा स्तनाच्या कॅन्सरसाठी. दुसऱ्याचं नाव वेपडेगेस्ट्रंट.

स्तनाचा कॅन्सर हा भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर. त्यातल्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसतात. पेशीतलं एक प्रथिन, इस्ट्रोजेन रिसेप्टर, तो निरोप पकडतं. आपल्याकडच्या अनेक बायका वर्षानुवर्षं टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल घेतात, ते हा निरोप तोडण्यासाठीच. पण काही रुग्णांत त्या रिसेप्टरमध्येच बदल होतो आणि तो निरोप न मिळताही चालूच राहतो. असा रिसेप्टर मोडून टाकणारं फुल्वेस्ट्रंट हे इंजेक्शन २००२ पासून आहे. ते कमरेखाली दोन्ही बाजूंना टोचावं लागतं, दर महिन्याला. आणि ते रिसेप्टर पुरता मोडत नाही.

वेपडेगेस्ट्रंट तोंडाने घ्यायची गोळी आहे. ती रिसेप्टरला सेरेब्लॉनसमोर आणते. आजार पसरलेल्या सहाशेहून अधिक रुग्णांवर तिची फुल्वेस्ट्रंटशी तुलना झाली आणि २०२५ मध्ये निकाल जाहीर झाले. ज्यांच्या रिसेप्टरमध्ये तो बदल झालेला होता, त्यांच्यात आजार पुन्हा वाढायला फुल्वेस्ट्रंटवर मध्यमान २.१ महिने लागले, तर नव्या गोळीवर ५ महिने. सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशोब केला, तेव्हा मात्र ठोस फरक दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे परवानगीचा अर्ज दाखल झाला. माणसातल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत खरा उतरलेला हा पहिला प्रोटॅक.

हे आकडे नीट वाचा. यात कॅन्सर बरा झाला, असं कुठेही नाही. दोनचे पाच महिने झाले, तेही ठरावीक रुग्णांत. पण ठरवून आखलेला दलाल-रेणू माणसाच्या पोटातून रक्तात, रक्तातून गाठीत पोचतो आणि काम करतो, हे सिद्ध झालं.

अडचणी अजून बऱ्याच

गोळीत मावणाऱ्या नेहमीच्या रेणूचं वजन रसायनशास्त्राच्या मापात साधारण ५०० च्या आत असतं. प्रोटॅक ७०० ते १००० पर्यंत जातात. एवढा बोजड रेणू आतड्यातून रक्तात शोषला जाणं अवघड. दुसरं म्हणजे कॅन्सरची पेशी इथेही पळवाट काढते. लेनालिडोमाइड आणि पोमालिडोमाइड घेणाऱ्या काही रुग्णांत ती सेरेब्लॉनच बिघडवून टाकते. खूण लावणाराच नाही, तर दलाल काय करणार? तिसरं, खूण लावणारे सहाशेहून अधिक असले तरी औषधासाठी आजवर प्रामुख्याने वापरले गेले ते सेरेब्लॉन आणि व्हीएचएल हे दोनच. बाकीच्यांना धरायचं कसं, यावर काम सुरू आहे.

सोमलाची पुडी घेऊ नका

प्रथिन मोडून कॅन्सर पुरता बरा होतो, याचं एक उदाहरण आधीच आहे. एपीएल नावाचा रक्ताचा कॅन्सर एका जोडून तयार झालेल्या विकृत प्रथिनामुळे होतो. आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडचा सोमल, त्या प्रथिनावर खूण लावायला भाग पाडतो. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात हा उपचार सुरू केला. आज आर्सेनिक आणि अ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध मिळून या आजाराचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नुसत्या आर्सेनिकवर, कमी खर्चात, चांगले निकाल मिळवले.

पण हे आर्सेनिक रुग्णालयात, मोजून, हृदयाचा आलेख तपासत शिरेतून दिलं जातं, आणि ते या एकाच आजारावर लागू आहे. कुणी कॅन्सरवर रामबाण म्हणून सोमलाची पुडी किंवा भस्म देत असेल तर ते विष आहे, औषध नव्हे.

रुग्णांनी आणि घरच्यांनी लक्षात ठेवावं

मायलोमा वेळेत ओळखला तर वरची औषधं उपयोगी पडतात. वयस्क माणसाची पाठ महिनोन्‌महिने दुखते, गोळ्या-मालिश करूनही थांबत नाही. सोबत रक्त कमी, थकवा, वारंवार इन्फेक्शन किंवा किडनीची तक्रार. अशा वेळी 'मणक्याची झीज' म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. या सगळ्या साध्या रक्ताच्या तपासण्या आहेत.

लेनालिडोमाइड सुरू असेल तर :

– कॅप्सूल उघडू, फोडू किंवा चावू नये. गरोदर किंवा गरोदर असण्याची शक्यता असलेल्या महिलेने ती हाताळू नये. औषध मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवावं.

– मूल होण्याच्या वयातल्या महिला रुग्णाने डॉक्टर सांगतील तशी गरोदरपणाची तपासणी आणि गर्भनिरोधन काटेकोर पाळावं. पुरुषांच्या वीर्यातही औषध उतरतं, त्यामुळे त्यांनी निरोध वापरावा.

– औषध सुरू असताना आणि बंद केल्यावर चार आठवडे रक्तदान करू नये.

– एका पायाला अचानक सूज, छातीत दुखणं, दम लागणं, यांपैकी काही झालं तर लगेच दवाखाना गाठावा. या औषधाने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

– बऱ्याचदा २१ दिवस औषध आणि ७ दिवस सुट्टी असा क्रम असतो. तो स्वतःच्या मनाने बदलू नये. उरलेल्या कॅप्सूल शेजारच्या रुग्णाला देऊ नयेत, दवाखान्यात परत कराव्यात.

खर्चाबद्दल सांगायचं तर अमेरिकेत मूळ ब्रँडच्या एका कॅप्सूलची किंमत शेकडो डॉलरमध्ये गेली. भारतात मात्र हैदराबादच्या नॅटकोसह अनेक कंपन्या हे औषध बनवतात आणि ते कितीतरी स्वस्त मिळतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार आणि उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे कागदपत्रांसह विचारावं. औषध परवडत नाही म्हणून मधेच बंद करण्याआधी डॉक्टरांशी आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोलावं.

प्रोटॅक जातीची नवी औषधं म्हणून कुणी बाहेरून काही विकत देऊ केलं तर सावध राहा. परवानगी न मिळालेलं औषध रुग्णाला रीतसर मिळण्याचा मार्ग म्हणजे नोंदणी झालेली चाचणी. भारतातली प्रत्येक चाचणी राष्ट्रीय नोंदवहीत नोंदलेली असावी लागते, आणि संमतीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. चाचणीतल्या औषधाचे पैसे कुणी मागत असेल तर तिथेच थांबा, आणि आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.